शून्यावरची रेघ

मित्रांनो, स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. माझे काम नेहमी दुसऱ्याविषयी सांगण्याचे, आणि तेही एका आकड्यात. तरी आज सांगतो आहे, कारण सकाळपासून मी खिडकीत एकटाच पडलो आहे आणि मला भीती वाटते आहे. भीती वाटली की माणसे देवाचे नाव घेतात. मला तेवढेही येत नाही, म्हणून आपली जुनी हकिकत आठवत बसलो आहे. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. चुकण्याची मला फार धास्ती आहे.

उसाच्या रसातली गोडी मोजणारा मी एक जुना ब्रिक्स मीटर. कारखान्याच्या कागदात हेच नाव आहे. शेतकरी मला दुर्बीण म्हणतात, आणि खरे सांगायचे तर मला तेच नाव आवडते. वीतभर लांबीची नळी, अंगठ्याहून थोडी जाड. बाहेरचा काळा रंग हात लागून लागून मध्येच उडाला आहे. एका टोकाला तिरकी काच आणि तिच्यावर झडप. दुसऱ्या टोकाला डोळा टेकवायची रबरी वाटी. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झडप मिटायची, उजेडाकडे धरायचे आणि वाटीतून आत पाहायचे. आत एक गोल दिसतो. वर निळा, खाली पांढरा, आणि दोन्हींच्या मध्ये एक रेघ. शेजारी शून्यापासून बत्तीसपर्यंत आकडे. रस जितका गोड तितकी रेघ वर चढते. माझे सगळे शिक्षण एवढेच.

माझा जन्म इकडचा नाही. उत्तरेत अंबाल्याला, शाळांच्या प्रयोगशाळांसाठी भिंगे घासणाऱ्या एका लहान कारखान्यात मी तयार झालो. शेवटच्या दिवशी एका वयस्क कारागिराने माझ्या काचेवर शुद्ध पाणी टाकले, आत पाहिले, आणि बारीक स्क्रू फिरवत रेघ शून्यावर आणून ठेवली. पाण्यात गोडी नाही, म्हणून शून्य. जगात एवढी एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती. मग माझ्या अंगावर वीस अंश असे कोरले. म्हणजे हवा वीस अंशांची असेल तर मी बरोबर. आयुष्य मात्र गेले इंदापूर तालुक्यात, जिथे मार्चमध्येच चप्पल फुफाट्यात भाजते. तेव्हा माझ्या आकड्यात एक-दीडचा फरक पडतो. हे मला कळते आणि लाज वाटते. पण माझी ही उणीव सांभाळून घेणारा माणूस मला मिळाला.

त्यांचे नाव रावजी. तीस वर्षांपूर्वी मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आलो, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. कोणाच्या शेतात कधी उसाची लागण झाली याची नोंद ठेवायची, आणि कोणाचा ऊस पिकला, कोणाचा अजून थांबायला हवा ते पाहायचे, हे त्यांचे काम. आमच्याकडे या माणसाला चिटबॉय म्हणतात, मग तो पन्नाशीचा का असेना. बावड्यापासून खाली नरसिंहपूरपर्यंतची शिवारे त्यांच्याकडे होती.

रावजींची एक रीत होती. त्यांच्या खाकी पिशवीत माझ्याबरोबर बॅटरीत घालायच्या पाण्याची एक बाटली असे. फडात शिरण्याआधी ते त्या पाण्याचे दोन थेंब माझ्यावर टाकत, आत पाहत आणि हलक्या आवाजात म्हणत, "आधी शून्य." मग मला मऊ फडक्याने पुसत. मग ऊस. पोकळ सुईने बुडख्याजवळचे कांडे टोचायचे, मधले टोचायचे, शेंड्याकडचे टोचायचे, तिन्ही आकडे वेगळे लिहायचे. ऊस बुडख्याशी गोड आणि शेंड्याशी फिका असतो. तिन्ही आकडे जवळ आले की तो पिकला. पाकिटात ठेवलेल्या एका कार्डावर उन्हाचा हिशोब होता. त्याप्रमाणे ते माझ्या आकड्यात दुरुस्ती करत. माझी उणीव त्यांनी कधी चारचौघांत बोलून दाखवली नाही.

बांधावर दोन भाऊ भांडत असले, की रावजी मला त्यांच्या हातात देत. "बघा. काय दिसतंय?" भांडण मिटे. नरसिंहपूरच्या वाटेवर दगडाबाई नावाच्या एका बाईंचे दोन एकर रान आहे. नवरा लवकर गेला, शेती त्यांनी एकटीने केली. त्या म्हणायच्या, "देवाच्या दारात मानूस खोटं बोलंल, पर रावजीची दुर्बीण न्हाय बोलायची." हे ऐकून मी आतल्या आत आकसून जात असे. एवढा विश्वास मला पेलत नव्हता.

मित्रांनो, या तीस वर्षांत गोडीचे काय काय झाले ते मी पाहिले. मला सगळे समजले असे नाही. सुरुवातीला कारखान्यात एकच शब्द चाले, उतारा. एक टन उसातून किती साखर निघाली तो उतारा. त्यासाठी मला जपत, कपाटात ठेवत. मग मोठे गाळप आले. दिवसाला जेवढा ऊस तुटत असे तेवढा आता एका पाळीला लागू लागला. मळी पूर्वी नुसती वास मारत पडे, तिची दारू झाली. मग उंच पांढऱ्या टाक्या उभ्या राहिल्या आणि रसाचेच इंधन होऊ लागले. एका हंगामात वरून हुकूम आला की रस तिकडे वळवू नका, साखर कमी पडेल. पुढच्या हंगामात तो उठला. ज्या रसावर माझी रेघ विसावर थरथरत होती, तो कोणाच्या चहात गेला आणि कोणाच्या मोटारीत, हे मला कळेनासे झाले. कन्हेरीच्या बाजूला एका गुऱ्हाळात रावजी एकदा मला घेऊन गेले होते. तिथे उकळत्या काहिलीत साखरेची पोती रिकामी करत होते. साखरेचा गूळ करायचा होता. मी तिथे काहीच बोललो नाही. काकवीवर माझी रेघ दिसतच नाही; बत्तीसच्या वर माझी झेप नाही.

आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आकाशातून उसाचे फोटो येऊ लागले. शेतात खांब रोवले गेले, त्यांवर हवा आणि ओल मोजणारे पंखे आणि डबे. घरबसल्या मोबाइलवर दिसते की कोणते रान पिकले. संदेश नावाचा एक शिकलेला सहकारी खात्यात आला. त्याच्याकडे आकडा आपोआप दाखवणारे नवे यंत्र होते. तो रावजींना अदबीने वागवी. "काका, तुमी ह्योच मीटर वापरा. तुमचा हात बसलाय त्याच्यावर," असे तो म्हणे. पण रावजी त्याच्या यंत्राकडे पाहत, तेव्हा त्यांची माझ्यावरची पकड घट्ट होत असे. मला वाटे, हे माझ्यासाठी घाबरले आहेत. ते स्वतःसाठी घाबरले होते, हे मला फार उशिरा कळले.

कारखान्यावर एकदा डॉक्टरांचे शिबिर झाले. रावजींच्या रक्तात साखर निघाली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. त्यांच्या पत्नी छबूबाई यांनी त्याच दिवशी घरातल्या साखरेच्या डब्याला लहानसे कुलूप लावले. चहा कोरा आणि फिका झाला. रावजी गोळ्या घेत. आठवले की घेत, असे म्हणतो. डॉक्टरांनी डोळे तपासून या म्हणून चिठ्ठी दिली होती. ती उन्हाच्या कार्डाशेजारी पाकिटात जाऊन बसली आणि तिथेच राहिली.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. रावजींनी मला डोळ्याला लावले आणि बराच वेळ काढला. पूर्वी त्यांचा डोळा वाटीला नुसता टेकत असे. आता ते दाबू लागले. रेघ स्पष्ट करायची माझी कडी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मला खाली घेतले, काच पुसली, पुन्हा लावले. मग उजवा सोडून डावा डोळा लावला.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या मनात काय आले असेल? मला वाटले, माझी काच मळली. तीस वर्षांत किती उसांचा रस माझ्यावर सुकला असेल. बारीक ओरखडे पडले असतील, आत ओल शिरली असेल. माझी रेघ पुसट झाली आणि या भल्या माणसाला मी फसवतो आहे. मी जीव गोळा करून रेघ ठळक धरण्याचा प्रयत्न केला. कसा करतात ते मला ठाऊक नाही, पण केला.

काही दिवसांनी रावजींनी पाण्याचे थेंब टाकणे सोडून दिले. "आधी शून्य" हे शब्द ऐकू येईनात. पिशवीतली बाटली हलकी हलकी होत सुकून गेली. आणि एका सकाळी त्यांनी उसाचे कांडे टोचले, रस माझ्यावर टाकला, मला डोळ्याला लावले, आणि दुसऱ्या हाताने त्याच कांड्याची कापून ठेवलेली चकती तोंडात टाकली. चावली. थुंकली. मग म्हणाले, "एकोणीस."

रेघ एकोणीसवरच होती. ते बरोबर होते. आणि मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

त्यांच्या जिभेला तीस वर्षांच्या उसाची ओळख होती. सकाळच्या पहिल्या चार-पाच फडांत ती चुकत नसे. पण दिवसाला तीस-पस्तीस फड. प्रत्येक फडात तीन-चार चकत्या. सुरुवातीला ते चोथा थुंकत आणि रसही थुंकत. मग बघणाऱ्याला संशय यायला नको म्हणून गिळू लागले. डॉक्टरांनी ज्या माणसाला चहात अर्धा चमचा वर्ज्य केला होता, तो माणूस दिवसभर उसाचा रस पीत फिरत होता. त्या रसाने डोळ्यावरचा पडदा वाढे, पडदा वाढला की जिभेवर आणखी भार पडे. मी हे सगळे एका वितीच्या अंतरावरून पाहत होतो. त्यांच्या डोळ्याच्या इतक्या जवळ जगात दुसरे कोणी नव्हते, आणि मला तोंड नव्हते.

मग पौषातली ती संध्याकाळ आली. दिवस मावळला होता, अजून अंधार पडला नव्हता. रावजी मोटारसायकलवरून बावड्याकडे परतत होते. पिशवी हँडलला अडकवलेली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, चाक पंक्चर होऊन रस्त्यातच थांबलेल्या. मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. मला पिशवीच्या तोंडातून ती उसाची काळी भिंत दिसत होती. रावजींना दिसत नव्हती. गाडीचा वेग कमी होईना. शंभर पावले. पन्नास. वाळलेली पाचट वाऱ्याने वाजत होती ती मला ऐकू आली.

कोणीतरी ओरडले. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असावा. रावजींनी गाडी वळवली, ती खडीवर घसरली, पिशवी तुटून मी दगडांवर आपटलो. रावजी उठून बसले. गुडघा फुटला होता. ड्रायव्हर धावत आला.

"आवो, येवढी ट्रॉली दिसली न्हाय व्हय तुमाला?"

"तुझा दिवा न्हाय," रावजी म्हणाले.

"दिवा न्हाय, पर ऊस तर हाय की तीस टन."

रावजींनी खाली बसून दोन्ही हातांनी मला खडीत चाचपडून शोधले. मी त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर होतो. घरी त्यांनी गुडघ्याचे कारण कुत्रे आडवे आल्याचे सांगितले.

त्या आपटण्याने माझ्या आत काहीतरी हलले असे मला वाटू लागले. आता तर मी नक्कीच बिघडलो, या भीतीने मला घेरले.

आठ दिवसांनी दगडाबाई कारखान्याच्या गट ऑफिसात आल्या. वय सत्तरीच्या पुढे, काठी टेकत. त्यांचा ऊस रावजींनी महिन्यापूर्वी पाहिला होता. दिवसाचा अठ्ठाविसावा फड होता तो. जीभ गोडीने बधिर झालेली. माझी रेघ एकवीसवर होती. रावजींनी चकती चावली आणि म्हणाले, "चौदा. आजून महिना थांबा, आत्या." दगडाबाई थांबल्या. उसाला तुरे आले, आतून तो पोकळ पडू लागला, आणि ऊस निघाल्यावर त्या रानात त्यांना गहू करायचा होता त्याची वेळ निघून गेली.

"रावजी," त्या म्हणाल्या, "तू चवदा म्हनलास म्हनून म्या थांबले. आता पांढरं तुरं डुलत्यात रानात. माज्या ताटातली चपाती गेली की रं."

रावजींनी मला टेबलावरून उचलले. ऑफिसात चार माणसे पाहत होती.

"दुर्बिणीत तसंच दिसलं, आत्या," ते म्हणाले.

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. पण हे ऐकल्यावर माझे मलाच खरे वाटेना. एकवीस की चौदा? तीस वर्षे ज्याच्या हातात काढली तो माणूस म्हणतो आहे चौदा, तर चौदाच असेल.

पुढच्या रविवारी सकाळी संदेश आठवड्याचे कागद न्यायला रावजींच्या घरी आला. ओसरीवर ऊन होते. छबूबाईंनी दोन कप बाहेर आणले, संदेशला दुधाचा आणि रावजींना कोरा.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आज जरा गोड केलाय. रोज फिका पिऊन तोंड वाकडं झालंय तुमचं."

रावजींनी बशीत ओतून घोट घेतला. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "साखर घातलीस तू. डॉक्टरला नाव सांगीन तुजं."

"सांगा की. पर किती घातली ते वळखा आधी. दुसऱ्याच्या उसाची गोडी सांगत जलम गेला."

"काका, मीटर काढा," संदेश हसत म्हणाला. "काकूंचा चहा मोजू."

रावजींनी मला काढले. बशीतला निवलेला चहा बोटाने माझ्या काचेवर टाकला, झडप मिटली, अंगणातल्या उजेडाकडे मला धरले आणि डोळा लावला. दुसऱ्या हातात बशी होतीच. एक घोट घेतला.

"आठ," ते म्हणाले. "दीड चमचा साखर हाय."

छबूबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "फसला की वो. साखरंचा दानाबी न्हाय त्यात. ती बारीक गोळी हाय. आपल्या श्रेयानं बारामतीच्या मेडिकलमधनं धाडली. साखर न्हाय आन गोडी तेवढीच."

श्रेया म्हणजे त्यांची बारामतीला दिलेली मुलगी. त्या गोळीचे मला तेव्हा प्रथमच कळले. जिभेला गोड लागते पण माझ्या काचेला तिचा पत्ता लागत नाही, अशी एक गोडी आता जगात आली होती.

संदेशही हसत होता. सहज म्हणून त्याने मला घेतले आणि डोळ्याला लावले. त्याचे हसू थांबले.

"काका," तो म्हणाला, "रेघ शून्यावर हाय. जराशी वर असंल. आठ कुठं?"

रावजींनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "पडल्यापासनं बिघडलाय त्यो मीटर. मी जमाच करनार हुतो."

झाले. ज्याची आयुष्यभर धास्ती होती तो शिक्का माझ्यावर बसला. मला वाईट वाटले, आणि मित्रांनो, आश्चर्य असे की थोडे बरेही वाटले. मी बिघडलेला असेन तर रावजी धड आहेत.

पण संदेश शिकलेला होता. त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उलटी धरली. एक थेंब पडेना.

"काका, शून्य कवापासनं बघितलं न्हाय?"

छबूबाईंनी आतून पिण्याच्या पाण्याची वाटी आणून दिली. संदेशने माझी काच पुसली, पाणी टाकले. माझा श्वास, मला तो असता तर, अडकला असता. त्याने आत पाहिले. "शून्य." मग परसातला ऊस मोडून आणला. माझ्यावर रस टाकला, आपल्या नव्या यंत्रावर टाकला. "ह्यात एकोणीस. त्यात एकोणीस पॉइंट दोन."

मी बरोबर होतो. पडूनसुद्धा, इतक्या वर्षांनीसुद्धा, मी बरोबर होतो. तीस वर्षे मी ज्या शब्दासाठी झुरलो तो त्या सकाळी मिळाला, आणि तो कोणी परत घ्यावा असे मला वाटले. त्या दिवशी मी खोटा ठरलो असतो तर किती बरे झाले असते.

छबूबाईंनी मला संदेशच्या हातातून घेतले. लग्नाला बत्तीस वर्षे झाली, पण माझ्यातून त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी डोळा लावला, रेघ पाहिली, मला खाली ठेवले.

"येवढी ढळढळीत रेघ," त्या म्हणाल्या. "कवापासनं दिसत न्हाय तुमाला?"

रावजी बशीकडे पाहत होते. "दिवाळीपासनं."

"आन मग ऊस कसा सांगताय लोकांस्नी?"

"चाखून."

"किती?"

"रोजचं तीस-पस्तीस फड."

छबूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्या हितं साखरंच्या डब्याला कुलूप लावती," त्या हळूच म्हणाल्या, "आन तुमी तितं फडात जाऊन..." संदेश उठून अंगणात गेला.

"डोळा गेला म्हनल्यावर घरी बसवत्याल," रावजी म्हणाले. "आकाशातनं समदं दिसतंय आता. मला कोन ठेवील? दीड वरीस राह्यलं हुतं फकस्त."

"दीड वरसासाठी जलमाचा अंधार घेता व्हय?" छबूबाई म्हणाल्या आणि उठल्या. पाकिटातली ती डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी स्वतः काढली.

बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिले. पिशवीत मीही होतो, म्हणून ऐकले. डोळ्यांच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटत होत्या. उजव्या डोळ्यात रक्त उतरले होते. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी यायला हवे होते. त्यांनी डोळ्यांत इंजेक्शने दिली, लेझर केले. उजव्यात आता फक्त उजेड कळतो. डाव्यात बरेच वाचले, पण ते टिकेल का हे त्यांनी सांगितले नाही. जरासेही अंधुक झाले तर त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवशी नको, एवढे बजावले. शेतकी खात्याने रावजींना बसून करायचे नोंदीचे काम दिले. मला जमा करून घ्यायला कोणी आले नाही. जुना म्हणून मी त्यांच्याकडेच राहिलो.

बरे वाटल्यावर रावजी पहिल्यांदा एसटीने गेले ते दगडाबाईंकडे. मला बरोबर घेतले होते.

"आत्या, दुर्बिनीचं न्हाय, माजं चुकलं. मला दिसत नव्हतं."

दगडाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. "ठावं हाय मला. तू उसाचं कांडं चघळत हुतास त्या दिशी. इतक्या वरसात कवा चघळलं नव्हतंस."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"तुज्यावर इस्वास हुता म्हनून," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी मूठभर शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या. "खा. ह्या मोजाव्या लागत न्हाईत."

त्या दिवसापासून छबूबाईंनी एक रीत घातली. रोज सकाळी त्या एका वाटीत पाणी घेतात. पहिले दोन दिवस नुसतेच पाणी होते. रावजी मला लावत आणि म्हणत, "शून्य." तिसऱ्या दिवशी छबूबाईंच्या ध्यानात आले की पाण्याचे उत्तर आंधळासुद्धा सांगेल. तेव्हापासून त्या आत जाऊन वाटीत काहीतरी कालवतात. कधी साखर, कधी गूळ, कधी ती गोळी, कधी काहीच नाही. स्वतः आधी पाहून आकडा मनात ठेवतात. मग मला रावजींच्या हातात देतात. "चाखायचं न्हाय. नुसतं बघून सांगा." रावजी डावा डोळा लावतात. त्यांची पापणी माझ्या वाटीला लागते. ते आकडा सांगेपर्यंतचे ते चार क्षण मी कसे काढतो ते मला विचारू नका. "सहा." "बरुबर." "शून्य." "बरुबर." असे चार महिने गेले.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. पण तुमच्या घरात जो माणूस कधी चुकत नाही असे सगळे म्हणतात, त्याच्या शेजारी जरा बसा. त्याला एखादी बारीक रेघ वाचायला सांगा. तो हसून टाळू लागला तर तुम्ही हसू नका. विश्वास ठेवा, पण त्याच्या पाण्याची बाटली भरलेली आहे ना, एवढे पाहा. आणि आपली काच मळली आहे की समोरच्याचा डोळा, हे ठरवायला घाबरू नका. मी घाबरलो. त्यात एक डोळा गेला.

आज सकाळी छबूबाईंनी नेहमीसारखी वाटी आणली. रावजींनी मला उजेडाकडे धरले. क्षण गेले. कडी फिरली. डोळा दाबला गेला. तो दाब मी ओळखतो. वाटी त्यांच्या हाताशीच होती, बोट बुडवून जिभेला लावायला कितीसा वेळ लागतो? त्यांचा हात वाटीकडे गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला, मला खिडकीत ठेवले आणि म्हणाले, "आज रेघ दिसत न्हाय, छबू."

छबूबाईंनी पायात चपला घातल्या, पिशवी घेतली. आठची बारामती एसटी दोघांनी गाठली असणार, कारण परत कोणी आले नाही.

माझी काच आज पुसायची राहिली. थेंब तिच्यावर सुकत आला आहे आणि दोन मुंग्या चौकटीवरून इकडे निघाल्या आहेत. त्या थेंबात किती गोडी होती ते मला माहीत आहे, पण आज ते कोणाला सांगायचे नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेले. मला अजून भीती वाटते आहे, दिवाळीत वाटत होती तेवढीच. फक्त तेव्हा ती माझ्या एकट्याजवळ होती. आज ती आठच्या एसटीत शेजारी शेजारी बसून दोघांनी वाटून नेली आहे.